आकाशात आरक्षण चालते, मग वस्तीत का नको?

आरक्षणामुळे गुणवत्ता मेली, असे ज्या देशात उठता-बसता ऐकवले जाते, त्याच देशाचे प्रतिनिधी एकेकाळी जिनिव्हात बसून आरक्षण मागत होते. हे आरक्षण नोकरीतले किंवा शिक्षणातले नव्हते. ते आकाशातले होते. उपग्रहाच्या जागेचे आणि त्याच्या रेडिओ लहरींचे होते. ही गोष्ट आम्हाला ना शाळेत कुणी सांगितली, ना एम. ए.च्या वर्गात. म्हणून आज ती सविस्तर मांडतो आहोत. कारण पुढच्या काही वर्षांत आपल्या डोक्यावरच्या या लहरींचे वाटप होणार आहे, आणि आपल्या वस्त्यांना त्याची खबरही नाही.

आधी एक आमचा अनुभव.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात आम्ही काही तरुण मिळून बुद्धविहारात अभ्यासिका चालवत होतो. गावात ग्रामपंचायतीपर्यंत सरकारी इंटरनेटची तार आली होती. कागदावर गाव 'जोडलेले' होते. पण वस्ती ओढ्याच्या पलीकडे. मोबाईलला रेंज नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख आली, तेव्हा बारावीची एक मुलगी कागदपत्रांची पिशवी घेऊन पंचायतीच्या कार्यालयात गेली. तिला सांगितले, पासवर्ड आमच्याकडे नाही, ज्याच्याकडे आहे तो बाहेर गेलाय. ती दुपारभर पायरीवर बसली. आत सरपंचांचा पुतण्या मोबाईलवर क्रिकेट बघत होता. शेवटी आमच्यातल्या एकाने तिला गाडीवरून तालुक्याला नेले. अर्ज रात्री अकरा वाजता गेला.

कुणी तिला 'तू बाटवशील' म्हटले नाही. कुणी शिवीही दिली नाही. पण ती पायरीवर होती आणि नेट आत होते. आम्हाला त्या दिवशी महाडच आठवले.

ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला, असे काही ठिकाणी चुकीचे लिहिलेले सापडते. ते होते सीताराम केशव बोले, आपले रावबहादूर एस. के. बोले. त्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर तळे सगळ्यांचे झाले होते. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन तळ्यावर जावे लागले. 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ कागदावर एक असतो आणि काठावर दुसरा, हे आपल्याला त्या दिवशी कळले. आकाशाचेही तसेच आहे.

हे आकाश म्हणजे नेमके काय, ते आधी समजून घेऊ.

उपग्रह आणि जमीन यांच्यात जे काही बोलणे चालते, ते रेडिओ लहरींवर चालते. या लहरींचे पट्टे पाडलेले आहेत आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत. दुसऱ्या महायुद्धात रडारचे काम शत्रूला कळू नये म्हणून ही सांकेतिक नावे पडली, ती पुढे कायम राहिली. सर्वांत खाली एल बँड, साधारण १ ते २ गिगाहर्ट्झ. आपल्या मोबाईलला जागा दाखवणारे उपग्रह इथे बोलतात. मग एस बँड, २ ते ४. मग सी बँड, ४ ते ८. टीव्ही वाहिन्या उपग्रहावरून केबलवाल्याच्या मोठ्या छत्रीपर्यंत येतात त्या मुख्यतः याच पट्ट्यातून. त्यावर एक्स बँड, जो बहुतांशी लष्करी कामाला. मग केयू, साधारण १२ ते १८. घरावरची छोटी डीटीएच छत्री ती हीच, तिला त्याच्या आसपासच्या लहरी लागतात. आणि त्याही वर केए.

यात एक साधा हिशेब आहे. लहर जितकी वरच्या पट्ट्यातली, तितकी छत्री लहान लागते आणि माहिती जास्त मावते. पण लहर जितकी वरची, तितकी ती आखूड आणि तितकीच पावसाला भित्री. सी बँडची लहर सात-आठ सेंटीमीटर लांब असते. पावसाचा थेंब तिच्यापुढे किरकोळ. केयूची अडीच सेंटीमीटरच्या आसपास, केएची दीडच्या आसपास. तिथे थेंब लहर शोषतो, विखुरतो. कोकणात आषाढातल्या झडीत टीव्हीवर चित्राचे तुकडे होतात ते यामुळे. म्हणजे जिथे पाऊस जास्त, डोंगर जास्त, तार पोचलेली नाही, तिथे उपग्रहाची गरज जास्त आणि तिथेच वरच्या पट्ट्याची खात्री कमी. खालचे भरवशाचे पट्टे मात्र आधीच गजबजलेले आहेत. आपल्याकडे २०२२ च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा तुकडा फाईव्ह-जीसाठी मोबाईल कंपन्यांना विकला गेला. त्यातला काही भाग पूर्वी उपग्रहांच्या वापरात होता.

थोडक्यात, आकाश अथांग असले तरी त्यातली कामाची जागा मोजकी आहे. दोन शेजारी उपग्रह एकाच पट्ट्यात, एकाच भागाकडे बोलू लागले तर दोघांचाही आवाज फाटतो. म्हणून कुणीतरी वाटप करावे लागते. आणि जिथे मोजक्या साधनाचे वाटप आले, तिथे न्यायाचा प्रश्न आलाच.

जगात हे वाटप आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ, म्हणजे आयटीयू, करतो. त्याचा जुना नियम होता, जो आधी येईल त्याला आधी. वरवर पाहता किती निष्पक्ष! रांग लावा, ज्याचा नंबर त्याचा मान. पण १९६० च्या दशकात रांगेत उभे कोण राहू शकत होते? अमेरिका, सोव्हिएत संघ आणि युरोपातले थोडे देश. आफ्रिकेतले कितीतरी देश तर नुकते कुठे गुलामीतून सुटत होते. त्यांच्याकडे रॉकेट नव्हते, अभियंते नव्हते, पैसा नव्हता. ते तयार होऊन येईपर्यंत विषुववृत्तावरची, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवरची सोयीची जागा भरून गेली असती. 'आधी येणाऱ्याला आधी' हा नियम म्हणजे आधीच पुढे असणाऱ्यांनी स्वतःसाठी केलेली सोय होती. रांगेला जात दिसत नाही असे म्हणतात. पण रांगेत पुढे कोण उभे आहे हे इतिहास ठरवतो.

यावर मागे राहिलेल्या देशांनी आवाज उठवला. १९७६ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात विषुववृत्तावरच्या आठ देशांनी जाहीर केले की आमच्या डोक्यावरची ही कक्षा आमची आहे. तो दावा जगाने मान्य केला नाही, पण प्रश्न मागे हटला नाही. १९७७ मध्ये आपल्या भागातील देशांसाठी थेट प्रक्षेपणाच्या वाहिन्या आणि जागा आधीच वाटून ठेवणारी योजना झाली. १९७९, १९८५ आणि १९८८ च्या जिनिव्हा परिषदांमध्ये विकसनशील देशांनी हमीच्या वाट्याची मागणी लावून धरली आणि भारत त्या बाजूने उभा होता. विकसित देशांचा युक्तिवाद ऐका: ज्यांच्याकडे उपग्रहच नाही त्यांच्यासाठी जागा अडवून ठेवणे म्हणजे साधनाची नासाडी, कार्यक्षमतेचा बळी. ओळखीचे वाटते ना?

तरीही १९८८ मध्ये योजना झाली. संघाच्या प्रत्येक सदस्य देशाला, मग तो कितीही लहान, कितीही गरीब असो, स्थिर कक्षेत किमान एक जागा राखून मिळाली. तिच्यासोबत लहरीही राखल्या गेल्या: जायला आणि यायला, प्रत्येकी सी बँडचे ३०० आणि केयू बँडचे ५०० मेगाहर्ट्झ. आयटीयूच्या घटनेच्या ४४ व्या कलमात आज लिहिलेले आहे की लहरी आणि कक्षा ही मर्यादित नैसर्गिक साधने आहेत, आणि सर्व देशांना त्यांचा न्याय्य लाभ मिळावा, विकसनशील देशांच्या खास गरजा लक्षात घेतल्या जाव्यात.

आता यातली सर्वांत महत्त्वाची बाब. या योजनेतला वाटा वापरला नाही म्हणून रद्द होत नाही. एखाद्या देशाकडे आज पैसा नसेल, तज्ज्ञ नसतील, तरी त्याची जागा त्याचीच राहते. आणि आपल्या विद्यापीठांत काय होते? राखीव पदाच्या मुलाखती होतात आणि शेवटी शेरा पडतो, 'योग्य उमेदवार सापडला नाही'. जागा रिकामी, मग कंत्राटी, मग विसरली जाते. आकाशातला अनुशेष जपला जातो, जमिनीवरचा बुडवला जातो. जो न्याय भारताने जगाकडे मागितला, तो भारतातला प्रस्थापित वर्ग आपल्याच देशबांधवांना द्यायला तयार नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की तत्त्व एक असेल तर ते ओढ्याच्या दोन्ही काठांना लागू झाले पाहिजे.

कुणी म्हणेल, त्या योजनेने काय मोठे दिवे लावले? प्रश्न योग्य आहे. बहुतेक उपग्रह आजही योजनेबाहेरच्या पट्ट्यांत, जुन्या रांगेच्या नियमानेच चालतात, आपलेही. राखीव जागांपैकी अनेक वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या. कारण जागा दिली, पण तिथे पोचायला लागणारे भांडवल आणि शिक्षण दिले नाही. हा आरक्षणाच्या तत्त्वाचा दोष नाही, अर्धवट अंमलबजावणीचा आहे. आणि आता तर रांगच बदलली आहे. जमिनीपासून काही शे किलोमीटरवर हजारो लहान उपग्रहांचे थवे फिरू लागले आहेत. स्टारलिंक हे त्यातले सर्वांत मोठे नाव. घरावरच्या तबकडीशी ती मुख्यतः केयू बँडमध्ये बोलते, मोठ्या भूस्थानकांशी केए बँडमध्ये. या थव्यांना १९८८ सारखी कुठलीही देशवार योजना नाही. इथे पुन्हा आधी येणाऱ्याला आधी. २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेने एवढेच ठरवले की नोंदवलेल्या थव्यातले १० टक्के उपग्रह ठरल्या मुदतीनंतर दोन वर्षांत, ५० टक्के पाच वर्षांत आणि सगळे सात वर्षांत सोडले पाहिजेत. म्हणजे नुसती जागा अडवता येणार नाही, जो वेगाने उपग्रह सोडेल तो जागा घेईल. इतक्या वेगाने सोडण्याची ऐपत कुणाची, हे सांगायला नको.

आता आपल्या देशात येऊ.

९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली झाला पाहिजे. त्या पीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते; तेच सावंत साहेब, जे निवृत्तीनंतर शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेचे एक निमंत्रक होते. २ फेब्रुवारी २०१२ ला टू-जी प्रकरणात १२२ परवाने रद्द झाले, तेव्हाही न्यायालयाने बजावले की नैसर्गिक साधनांचे सरकार विश्वस्त आहे.

मग २०२३ चा दूरसंचार कायदा आला. त्यात ठरले की मोबाईलचे स्पेक्ट्रम लिलावाने, पण उपग्रह सेवांचे स्पेक्ट्रम लिलावाशिवाय, प्रशासकीय पद्धतीने. यावर मोठा वाद झाला. देशी मोबाईल कंपन्या म्हणाल्या, आम्ही लिलावात पैसे मोजले, उपग्रहवाल्यांना सूट का? परदेशी उपग्रह कंपन्या म्हणाल्या, जगात कुठेही असेच चालते. तांत्रिकदृष्ट्या दुसरा मुद्दा चुकीचा नाही. उपग्रहाच्या लहरी एकट्याच्या मालकीच्या नसतात, अनेक कंपन्या समन्वय करून त्याच वापरतात. त्यांचा लिलाव करणे अवघड. पण लिलाव नाही म्हणजे न्याय झाला, असेही नाही. २००५ मध्ये इस्रोच्या व्यापारी शाखेने एस बँडमधल्या ७० मेगाहर्ट्झचा करार देवास कंपनीशी केला, तोही लिलावाशिवायच. तो २०११ मध्ये रद्द करावा लागला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचा व्यवहार फसवणुकीचा ठरवला. बंद दाराआडचे वाटप कुणाच्या पदरात पडते, हे त्यातून दिसले.

या सगळ्या भांडणात आम्हाला एक गोष्ट ठळक दिसली. एक श्रीमंत दुसऱ्या श्रीमंताशी किमतीवर भांडत होता. मालक जी जनता, तिच्या वाट्यावर कुणी बोलत नव्हते.

मे २०२५ मध्ये ट्रायने शिफारस केली की उपग्रह कंपन्यांनी महसुलाच्या ४ टक्के स्पेक्ट्रम शुल्क द्यावे, आणि थव्यांवरून इंटरनेट देणाऱ्यांनी शहरी ग्राहकामागे वर्षाला आणखी ५०० रुपये द्यावेत, म्हणजे कंपन्या ग्रामीण भागाकडे वळतील. हेतू चांगला आहे. पण 'ग्रामीण' हा शब्द फसवा आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडसावले होते ते याचसाठी. खेडे एकसंध नसते. गावात पोचलेली गोष्ट गावकुसाबाहेर पोचतेच असे नाही. आमच्या त्या मुलीच्या गावात तार पोचली होती, हे विसरू नका. ग्रामीण ग्राहक म्हणून ज्याची नोंद होईल तो फार्महाऊसवालाही असू शकतो, रिसॉर्टवालाही.

१९७५ चा साईट प्रयोग इथे आठवावा. अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत वर्षभर टीव्ही दाखवला गेला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फुटी छत्री, आणि खाली सार्वजनिक जागी एक संच. त्यात घरोघरी ग्राहक नव्हते, एका गावाला एक सामायिक संच होता. गरिबाच्या खिशाकडे न बघता उपग्रह वापरता येतो, हे या देशाने पन्नास वर्षांपूर्वी करून दाखवले आहे. प्रश्न तेव्हाही एकच होता आणि आजही तोच आहे: तो संच कुठे ठेवायचा? देवळाच्या ओसरीवर की सगळ्यांना जाता येईल अशा ठिकाणी?

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशीम हे जिल्हे त्यात पुढे ठेवले आहेत. नावे वाचून आनंद व्हावा अशीच आहेत. आदिवासी, दलित, भटके यांचे हे जिल्हे. पण जिल्ह्याचे नाव घेतल्याने वस्ती जोडली जात नाही. म्हणून आताच, वाटप पक्के होण्याआधी, आपण काही मागण्या नेमकेपणाने मांडल्या पाहिजेत.

पहिली, जी कंपनी या देशाच्या आकाशातल्या लहरी वापरेल, तिने आपल्या क्षमतेचा ठरावीक हिस्सा सार्वजनिक वापरासाठी राखून ठेवावा. हे दान नाही, मालकाचा वाटा आहे.

दुसरी, हा हिस्सा पंचायतीच्या कपाटात जाऊ नये. मागासवर्गीय वसतिगृहे, आश्रमशाळा, वस्तीतल्या अभ्यासिका, समाजमंदिरे, तांडे आणि पाडे यांची यादी करून जोडणी तिथे द्यावी. तबकडी बसवण्याचा आणि विजेचा खर्च सरकारने करावा, आणि वस्तीतल्याच मुलामुलींना ती दुरुस्त करायला शिकवावे. १९८८ ची चूक पुन्हा नको.

तिसरी, कुठल्या वस्तीत जोडणी सुरू आहे, कुठे बंद, याची माहिती गाववार नव्हे, वस्तीवार जाहीर व्हावी. मोजल्याशिवाय अन्याय दिसत नाही.

चौथी, दूरदर्शनच्या फ्री डिशवर मासिक शुल्क नाही, म्हणून ती गरिबाघरची छत्री आहे. पण तिच्यावर खासगी वाहिनीला जागा मिळते ती लिलावात बोली लावून. वंचित समूहांच्या वाहिन्यांसाठी तिथे काही जागा लिलावाबाहेर ठेवाव्यात. छत्री आमच्या घरावर आणि तिच्यात आमचा आवाज नाही, हे किती दिवस चालायचे?

आमचेच काही कार्यकर्ते म्हणतात, इथे अत्याचाराची प्रकरणे रोज येतात, आणि तुम्ही आकाशातल्या गोष्टी काय करता? त्यांना आमचे नम्र उत्तर असे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मध्ये व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते, तेव्हा त्यांनी नद्या आणि वीज यांचे धोरण हातात घेतले. तेव्हाही अत्याचार होतच होते. पण नदीचे पाणी आणि वीज कुणाच्या मालकीची राहील, यावर उद्याच्या माणसाचे माणूसपण ठरणार आहे, हे त्यांना दिसत होते. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले ते त्याच दृष्टीने. आज शिष्यवृत्ती, रेशन, परीक्षा, नोकरीचा अर्ज, अगदी अत्याचाराची तक्रारसुद्धा लहरींवरून जाते. लहर बंद, तर हक्क बंद.

ती मुलगी आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अभ्यासिकेत अजून नेट नाही. आता ती आठवड्यातून एकदा तालुक्याला जाते, आणि येताना वस्तीतल्या पाच-सहा पोरांचे अर्ज भरून येते. तिने आम्हाला मागच्या भेटीत विचारले, "दादा, वरून येणारं नेट पण पंचायतीतच उतरणार का?"

याचे उत्तर कंपनी देणार नाही. ते आपल्याला मिळवावे लागेल. निवेदने तयार करा, ग्रामसभेत ठराव मांडा, जिल्हाधिकाऱ्यांना वस्तीची यादी मागा. चवदार तळे आपण एकदा खुले केले आहे. आता डोक्यावरचे तळे आहे.

जयभीम.